मागचं बोट

३ मार्च, मंगळवार

बारके,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू पत्र न फोडताच बाजूला टाकशील, म्हणून हे तुझ्या लेकीच्या पत्त्यावर पाठवतोय. ती तुला वाचून दाखवेल. तिला सांग, मामाचं अक्षर लागलं नाही तर दोनदा बघ, मनाने काही घालू नकोस.

तुझा फॉर्म मिळाला. आईच्या कबरीच्या दगडावरची शेवटची ओळ काढून टाकावी, कारण : मजकूर खोटा आहे. खाली तुझी सही, आणि शेजारी माझ्या सहीची रिकामी जागा. कब्रस्तानच्या ऑफिसातल्या बाईंना मी फोन केला होता. खचलेले सगळे दगड वीस तारखेला उपसून नव्याने बसवणार आहेत, अक्षरांत बदल करायचा तर तेव्हाच, आणि दोन्ही मुलांच्या सह्या सोळा तारखेच्या आत हव्यात. खाडाखोड चालत नाही, हे त्यांनी मला तीनदा बजावलं.

ती ओळ म्हणजे बाबांचं नाव आणि त्यांच्या मृत्यूचं साल. सात वर्षांपूर्वी मी ती कोरून घेतली, तेव्हा तू सगळ्यांसमोर विचारलंस, "दादा, हे साल तू कुठून आणलंस?" मी म्हणालो, बाबा कामाला गेले आणि त्याच वर्षी तिकडे वारले. तू म्हणालीस, "वारले कसले! टाकून गेले आपल्याला. जाताना बाहेरून कडी लावून गेले." त्या दिवसापासून तू माझ्याशी बोललेली नाहीस.

कडीबद्दल मी इथं काही लिहिणार नाही. तो विषय वेगळा आहे.

पण सालाबद्दल मी खोटारडा ठरायला तयार नाही. बाबांना ज्या चर्चांकडून कामाची बोलावणी यायची, त्यांची यादी आईच्या पत्र्याच्या पेटीत होती. आठ गावं. मी निघालोय. तुझी वहिनी म्हणाली, "त्रेसष्टाव्या वर्षी कबरी उकरायला निघालात, निदान पायमोजे तरी लोकरीचे घ्या." मोजे घेतलेत, आणि तिचा जुना कालथाही घेतलाय. तो कशाला, हे तुझ्याशिवाय कोणाला कळणार नाही.

आठवतं ना? कबरीच्या दगडावर कोरणाऱ्याने आपलं नाव घातलेलं फादरना चालायचं नाही, म्हणून बाबा दगडाच्या डाव्या कोपऱ्यात, मातीखाली जाणाऱ्या वितभर भागात, पक्ष्याचं पाऊल कोरायचे. तीन बोटांचं. आपल्या उंबऱ्याच्या दगडावरही होतं. बाबा जायच्या आठवडाभर आधी तू शेजारणीची कोंबडी काखोटीला मारून आणलीस आणि तिचा पाय राखेत दाबून दाखवलास. "बाबा, हिला मागे पण एक बोट आहे. तुमच्या पक्ष्याला नाही. तो मागच्या मागे पडेल!" बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "माझा पक्षी उडणारा आहे, त्याला उभं राहायचंय कुठं?" तू सहा वर्षांची होतीस आणि रुसून जेवली नाहीस.

आज पहिलं चर्च बघितलं. लहानसं आहे, घंटेला चीर गेलीय, बाकांना मेणाचा वास येतो. मागे पन्नास-साठ कबरी. मी गुडघे टेकून कालथ्याने एकेका दगडाच्या बुडाची माती सारत होतो, तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या बाई झाडू उगारूनच आल्या. मी हात वर केले, कालथ्यासकट. मग त्यांनी मला चहा दिला. ही बाबांची पावलं मला नऊ सापडली, सगळी तीन बोटांची.

बाई म्हणाल्या, "ते पाऊल होय? ते पाखराचं आहे. माणूस गेलं की पहाटे पाखरू येतं, दगडाशी उतरतं आणि जीव घेऊन जातं. माझ्या आजीच्या आजीपासून आहे हे."

मी म्हणालो, "अहो बाई, ते आमच्या बाबांनी कोरलंय. पंचावन्न वर्षंही झाली नसतील."

त्या माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघत राहिल्या. "तुमचे बाबा चांगले असतील हो," म्हणाल्या, "पण पाखरू त्यांच्या आधीचं आहे."

तुझा दादा


५ मार्च, गुरुवार

बारके,

मी एकतीस वर्षं बस डेपोत वेळापत्रकं लावली. कुठली गाडी कधी सुटली आणि कधी पोचली, हे कागदावर असलं की माझं डोकं शांत असतं. इथं सगळा उलटा कारभार आहे.

कालच्या गावात मला बाबांचं पाऊल एका अशा दगडावर मिळालं, ज्यावरचं साल बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षाचं होतं. म्हणजे ते जिवंत होते? म्हणजे तू खरी? मी त्या दगडासमोर तासभर बसलो. बाजूच्या कबरीवर फुलं ठेवायला आलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याने माझं सांत्वन केलं आणि विचारलं, जवळचे होते का? मी म्हणालो, कोण?

मग तिथले फादर आले. तरुण आहेत, सायकलने फिरतात. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी डोकं खाजवलं. "सालावर जाऊ नका काका," म्हणाले. "इथं लोक आधीच दगड घडवून ठेवायचे. नाव घालून ठेवायचं, सालाची जागा कोरी. माणूस गेलं की जो कोणी हाताशी असेल तो साल कोरायचा. आकड्यांचं वळण बघा ना, वेगळं आहे." खरंच वेगळं होतं. बाबांचे आकडे पोटाशी गोल असायचे, हे काटकुळे होते.

म्हणजे त्या दगडावरून काहीच सिद्ध होत नाही. ते वारले हेही नाही आणि जिवंत होते हेही नाही. मला आधी हायसं वाटलं, मग लाज वाटली. आपलेच बाबा जिवंत नसतील याचं हायसं कुणाला वाटतं का? तुझ्यापुढे मी खोटा ठरू नये, एवढ्यासाठी?

फादरना पाखराबद्दल विचारलं. त्यांच्या गावात गोष्टच निराळी. इथं पाखरू जीव न्यायला येत नाही, राखण करायला येतं. म्हातारी माणसं दगडाच्या बुडाशी हात घालून पाऊल चाचपतात, आणि मनातल्या मनात एखाद्या हरवलेल्या वस्तूचं नाव घेतात.

"सापडते का?" मी विचारलं.

"माझी सायकलची किल्ली दोनदा सापडली," ते म्हणाले. "पण ती दोन्ही वेळा माझ्याच खिशात होती."

मीही हात घातला. माती गार होती. कशाचं नाव घ्यावं ते ऐनवेळी सुचेना, म्हणून हात पुसून उठलो.

तू म्हणशील, दादा एवढं लिहितोय म्हणजे नक्की काहीतरी लपवतोय. लहानपणीही तू असंच म्हणायचीस.

तुझा दादा


८ मार्च, रविवार

बारके,

हे पत्र हळू वाच. मला स्वतःलाच अजून नीट कळलेलं नाही.

यादीतलं सहावं गाव. इथं चर्च डोंगराच्या कडेला आहे, वर जायला एकशे बारा पायऱ्या. कब्रस्तान उतारावर, दगड सगळे एका बाजूला कललेले. प्रार्थना सुटून माणसं घरी जाईपर्यंत मी मागच्या बाकावर बसून राहिलो आणि मग कालथा काढला.

पहिल्याच दगडाखाली पाऊल होतं. मी बोट फिरवलं. तीन रेघा पुढे. आणि एक मागे.

मला वाटलं, दगडाला टवका गेला असेल. थुंकी लावून पुसलं. टवका नव्हता. छिन्नीची नीट घेतलेली रेघ होती, आखूड, मागच्या बाजूला, टोकाशी जरा वाकडी. राखेत त्या कोंबडीचा पाय उमटला होता, अगदी तशी.

बारके, मी संध्याकाळपर्यंत चौदा मोजली. चौदाच्या चौदा चार बोटांची. मागचं बोट नसलेलं इथं एकही नाही.

ते कोंबडीचं भांडण झालं तेव्हा घरात आपण तिघंच होतो. आई पाणी भरायला गेली होती. तू, मी आणि बाबा. मी कुणाला सांगितलं नाही. तू कुणा पाथरवटाला भेटायला गेली नसशील. आणि त्यानंतर आठवड्याने बाबा गेले, तोवर त्यांनी एकही दगड हातात घेतला नव्हता, हत्यारांना धार लावत बसले होते. मग ही चौदा पावलं कधीची? एका हंगामात बाबांचे पाच दगड व्हायचे, फार तर सहा. अक्षरं त्यांचीच, पोटाशी गोल आकडे त्यांचेच. या वेळी सालंसुद्धा त्यांच्याच हातची. शेवटचं साल बाबा गेले त्यानंतर तिसऱ्या वर्षाचं आहे.

म्हणजे मी आईच्या दगडावर घातलेलं साल खोटं आहे. तू बरोबर होतीस. ते गेले, जिवंत होते, काम करत होते आणि परत आले नाहीत.

हे लिहून झाल्यावर मी बराच वेळ खिडकीत उभा होतो. मला राग यायला हवा होता, तर मला हेवा वाटत होता. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला! मी अकरा वर्षांचा असल्यापासून त्यांची बाजू घेतली. आई "मेला असं समजा" म्हणाली, ते मी खरं धरलं, शाळेच्या फॉर्मवर तसं लिहिलं, तुझ्याशी भांडलो, दगडावर कोरलं. आणि त्यांनी दगडावर काय कोरलं? तुझं बोट. माझं काहीच नाही. मी चौदाही दगडांची मागची बाजूसुद्धा बघितली.

कब्रस्तानाच्या फाटकाशी एक आजी भोपळ्याच्या बिया वाळत घालत होत्या. त्यांना विचारलं, इथल्या पाखराला मागचं बोट कसं काय? त्या म्हणाल्या, "खालच्या गावांतलं पाखरू जाणारं आहे. आमचं परत येणारं." इतक्या सहज म्हणाल्या, जणू मी परतीच्या बसची चौकशी केली होती.

उद्या इथल्या कबरी खोदणाऱ्या म्हाताऱ्याला भेटायचंय. चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे. त्याला सगळं माहीत आहे, असं सगळे म्हणतात. तो काहीही सांगतो, असंही सगळे म्हणतात.

फॉर्म अजून बॅगेत आहे, सही न केलेला.

दादा


९ मार्च, सोमवार

बारके,

म्हाताऱ्याला दोनदा भेटलो. सकाळी आणि जेवणानंतर. दोन्ही वेळी त्याने शपथेवर सांगितलं, आणि दोन्ही वेळी वेगळं.

सकाळी त्याचं म्हणणं असं, की पाखरू कोरणारा माणूस त्याच्या चांगल्या ओळखीचा. उंच, डाव्या हाताचा अंगठा चेपलेला. (बाबांचा चेपलेला होता, पण पाथरवटांत कुणाचा नसतो?) चर्चच्या मागच्या खोलीत राहायचा. घरी बायकोशी कडाक्याचं भांडून आला होता, एक हंगाम राग धरला, मग तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. तीन हिवाळे काढले. दुसऱ्या हिवाळ्यात एकदा नवा सदरा घालून निघाला, "पोरांना आणतो" म्हणून. चौथ्या दिवशी एकटाच परत आला.

मी विचारलं, "का?"

"दार बंद होतं म्हणाला. कुलूप. शेजारी म्हणाले, ती माणसं गेली. कुठं, ते कुणी सांगेना."

तोवर आपण मामाकडे राहायला गेलो होतो, बारके. आणि आईने शेजाऱ्यांना बजावलं होतं, कुणालाही पत्ता द्यायचा नाही. हे मला माहीत होतं. 'कुणालाही' म्हणजे कुणाला, हेही मला तेव्हा कळत होतं.

दुपारी मी परत गेलो, तर म्हातारा म्हणाला, "छे! कुलूप बघून आला तो घंटा ओतणारा. पाखरूवाल्याला पोरंबाळंच नव्हती." मी म्हणालो, आजोबा, सकाळी तुम्हीच सांगितलंत. तो म्हणाला, "सकाळी मी कुठं होतो? दवाखान्यात होतो." त्याची सून आतून ओरडली, "कुठल्या दवाखान्यात? अंगणात बसून ह्यांच्याशीच बोलत होतात की!" मग ते दोघं भांडायला लागले आणि मी उठलो.

त्या माणसाचं पुढे काय झालं, हेही त्याला विचारलं होतं. एक दिवस छिन्न्या इथंच ठेवून तो डोंगरापलीकडे गेला. कबर इथं नाही. कुठं आहे, माहीत नाही.

आता मी काय धरू आणि काय सोडू? सकाळचं खरं असेल तर ते आले होते. दुपारचं खरं असेल तर ते आलेच नाहीत. डेपोत असं झालं असतं तर मी दोन्ही ड्रायव्हरना समोरासमोर उभं केलं असतं. इथं दोन्ही ड्रायव्हर एकच, आणि तोही चौऱ्याऐंशी वर्षांचा.

यादीतली दोन गावं राहिलीत. मी जाणार नाही. मला हवं ते कळलंय, आणि जे कळायला नको होतं तेही.

दादा


१२ मार्च, गुरुवार

बारके,

घरी आलोय. तुझ्या वहिनीने कालथा बघितला आणि सरळ कचऱ्यात टाकला. पायमोज्यांना भोकं पडलीत, त्यावर ती अजून काही बोललेली नाही, म्हणजे बोलणार आहे.

पहिल्या पत्रात मी म्हणालो, कडीबद्दल लिहिणार नाही. आता लिहितो. मधे थांबलो तर परत लिहायचा नाही, म्हणून एका दमात.

त्या दिवशी सकाळी बाबा निघाले तेव्हा मी त्यांच्याबरोबर बस स्टँडपर्यंत जाणार होतो. हत्यारांची पिशवी मी उचलणार होतो, हे आदल्या दिवशीच ठरलं होतं. आई पाठ करून चुलीशी बसली होती, दोघांचं बोलणं बंद होतं. बाबा पुढे झाले, कोपऱ्यापर्यंत गेले. मी पिशवी घेऊन दारात आलो तर तू जागी झालेली. तू म्हणालीस, "मी पण येणार." चप्पल शोधायला आत वळलीस. तू आलीस की बाबा पूर्ण वाटभर तुझ्याशीच बोलणार, तुला खांद्यावर घेणार, कोंबडीचं काढून हसणार, हे मला माहीत होतं. मला ती अर्ध्या तासाची वाट एकट्याला हवी होती. फक्त तेवढीच. ते परत येणार नाहीत, हे मला कुठं माहीत होतं?

मी बाहेर आलो आणि कडी लावली.

तू दार वाजवत होतीस, ते मला कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं. बाबांना नसेल आलं, रस्त्यावर पाणी मारणारी गाडी चालली होती. स्टँडवर बाबांनी विचारलं, "बारकी उठली नाही का?" मी म्हणालो, गाढ झोपलीय. ते म्हणाले, "झोपू दे." मग खिशातून खडू काढला आणि पिशवीच्या तळाशी घातलेल्या पुठ्ठ्यावर पाऊल काढलं, तीन बोटांचं, आणि जरा थांबून मागे एक. म्हणाले, "तिला सांग, तिचं म्हणणं मान्य आहे. आता सगळ्या पाखरांना मागचं बोट."

मी तुला सांगितलं नाही. घरी आलो तर तू दाराशीच रडून झोपली होतीस, आणि तू उठल्यावर म्हणालीस, "बाबांनी कडी लावली." कडी कोणी लावली ते तुला आतून दिसलं नव्हतं, आणि आईची तर पाठच होती. मी गप्प बसलो. पहिल्या दिवशी मार चुकवायला. मग एक महिना गेला, मग एक वर्ष, मग ते तुझ्या तोंडी इतकं पक्कं झालं की ते खोटं आहे असं म्हणायला मला तोंड राहिलं नाही. बावन्न वर्षं तू त्यांचा राग केलास, तो त्या कडीपायी. सोडून गेल्याचा राग निराळा, तो आईनेही केला. पण तोंडावर दार लावल्याचा राग माझा होता, आणि तो मी त्यांच्या नावावर चालू दिला.

सहाव्या गावात पहिल्या दगडापाशी मी थुंकी लावून पुसलं, तेव्हा मला आश्चर्य वाटलं असं मी तुला लिहिलं. खोटं लिहिलं. मला तो पुठ्ठा आठवला होता. ती चौदा पावलं कुणासाठी आहेत हे मला त्याच क्षणी कळलं, आणि तुझ्यापर्यंत निरोप पोचला नाही हे फक्त मला माहीत होतं. त्यांना वाटत असणार, पोचलाय.

मला माफ कर असं लिहायला घेतलं होतं, ते खोडलं. तुला वाटलं तर कर.

ते का गेले, परत का आले नाहीत, की आले आणि कुलूप बघून फिरले, यातलं काही मी तुला खात्रीने सांगू शकत नाही. पण फॉर्मवर सही केली आहे. ती ओळ जाऊ दे. साल मी बनवलेलं होतं, आणि ते कधी वारले हे आपल्याला माहीत नाही, एवढं खरं. वीस तारखेला सकाळी नऊ वाजता आईचा दगड उपसणार. मी तिथं असेन. मातीखाली जाणाऱ्या भागाबद्दल फॉर्ममध्ये एक अक्षरही नाही, मी दोनदा वाचला. कोरणाऱ्याशी बोलून ठेवलंय, डाव्या कोपऱ्यात तो पाऊल काढून देईल. पण चौथं बोट कुठून निघून कुठं वाकतं ते मला नीट सांगता येत नाही. कोंबडी तू आणली होतीस.

फॉर्म सोबत आहे, तो तूच ऑफिसात दे. कारणाच्या रकान्यात तू लिहिलंयस, 'मजकूर खोटा आहे.' त्याच्याखाली थोडी जागा होती, तिथं मी लिहिलं, 'बरोबर आहे. आणि कडी मी लावली होती.' ऑफिसातल्या बाई कुरकुर करतील, याचा दगडाशी काय संबंध म्हणून. करू देत. त्यांना सांग, खाडाखोड केलेली नाही.

तुझा दादा